ख्रिस्ती उजवे आणि अमेरिकेची मतपेटी

२०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी दहातल्या जवळपास आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. रिपब्लिकन पक्षामागे इतक्या एकजुटीने उभा राहणारा एवढा मोठा दुसरा धार्मिक गट त्या देशात नाही. शाळेत प्रार्थना व्हावी की नाही, गर्भपात कायदेशीर असावा का, समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावे का, सर्वोच्च न्यायालयात कोणी बसावे, इस्रायलमधला अमेरिकी दूतावास कोणत्या शहरात असावा, अशा एकमेकांपासून दूरच्या प्रश्नांवर या गटाचा ठसा उमटलेला दिसतो. ही ताकद मात्र फार जुनी नाही. १९७६ साली याच मतदारांच्या मोठ्या हिश्शाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या जिमी कार्टर यांना पसंती दिली होती, आणि अनेक सनातनी चर्चांमध्ये तर राजकारणापासून चार हात दूर राहणे हीच धर्मनिष्ठा समजली जात होती. पुढच्या पन्नास वर्षांत जे घडले ते आपोआप घडले नाही. काही मोजक्या माणसांनी ते ठरवून, पैसा आणि चिकाटी ओतून घडवले.

इव्हँजेलिकल हा एकच एक पंथ नाही. बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल आणि कोणत्याही पंथाचे नाव न लावणारी स्वतंत्र चर्चे, अशा प्रोटेस्टंटांच्या अनेक शाखांत हे लोक विखुरलेले आहेत. बायबल हा देवाचा अचूक शब्द, येशूवरील वैयक्तिक श्रद्धेने माणसाचा 'नव्याने जन्म' होतो आणि ही वार्ता इतरांपर्यंत पोहोचवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, एवढ्या गोष्टींवर त्यांचे साधारण एकमत असते. श्रद्धेच्या दृष्टीने अमेरिकेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय चर्चांनाही हेच वर्णन लागू पडते. पण ती चर्चे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नागरी हक्क चळवळीचा कणा होती आणि त्यांचे सदस्य आजही प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. तेव्हा बायबल वाचणारा माणूस आपोआप रिपब्लिकन होतो, असे मुळीच नाही. राजकीय निरीक्षक 'ख्रिस्ती उजवे' म्हणतात ती गोऱ्या इव्हँजेलिकलांच्या भोवती जमलेली आघाडी आहे. तिच्यात पुराणमतवादी कॅथलिकही आहेत, मॉर्मनही आहेत आणि अलीकडे लॅटिनो इव्हँजेलिकलांची संख्या वाढते आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेने सरकारी पदासाठी धर्माची कोणतीही अट घालण्यास मनाई केली आहे. १७९१ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापन करता येणार नाही आणि कोणाच्याही धर्माचरणात अडथळा आणता येणार नाही, अशा दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगितल्या. १८०२ साली अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख केला. ती भिंत तेव्हा बॅप्टिस्टांनाच हवी होती, कारण ते अल्पसंख्य होते आणि राज्यमान्य चर्चांचा जाच सोसत होते. त्यांचेच वारस दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी त्या भिंतीविरुद्ध उभे राहिले, हे या इतिहासातले सर्वांत मोठे वळण म्हणावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात इव्हँजेलिकल उत्साहाचे रूप वेगळे होते. शाळा, दवाखाने, दारूबंदी आणि उत्तरेत गुलामगिरीविरोध या कामांत ही मंडळी पुढे होती. १८१३ मध्ये मुंबईत पोहोचलेले आणि पुढे अहमदनगरला केंद्र उभारून १८४२ पासून 'ज्ञानोदय' चालवणारे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी त्याच लाटेतून आले होते. दक्षिणेतले चित्र मात्र उलटे होते. गुलामांचे मालक मिशनरी होऊ शकतात की नाही, या वादात १८४५ साली दक्षिणेतले बॅप्टिस्ट वेगळे झाले आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले. ही संस्था पुढे देशातला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ ठरली. गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल तिने औपचारिक माफी मागितली ती १९९५ मध्ये.

राष्ट्रीय पातळीवरचा पहिला मोठा विजय म्हणजे १९२० पासून अमलात आलेली दारूबंदी. ती १९३३ मध्ये उठवावी लागली. त्याच काळात टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल १९२५ मध्ये खटला चालला. त्याला शंभर डॉलर दंड झाला, म्हणजे कायद्याने सनातनी जिंकले. पण त्यांची बाजू मांडणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उलटतपासणीला सामोरे गेले आणि वृत्तपत्रांनी साऱ्या देशासमोर त्या श्रद्धेची टर उडवली. तो अपमान खोलवर गेला. पुढची काही दशके या समाजाने स्वतःची बायबल महाविद्यालये, रेडिओ केंद्रे आणि प्रकाशनसंस्था उभारल्या. बाहेरच्यांना तो मागे हटल्यासारखा वाटला. प्रत्यक्षात पुढच्या राजकारणाची सारी यंत्रणा याच काळात तयार झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादविरोधाने धर्माला राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली. १९५४ मध्ये राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख आला, १९५६ मध्ये देवावर विश्वास व्यक्त करणारे वाक्य राष्ट्राचे अधिकृत ब्रीद झाले. धर्मोपदेशक बिली ग्रॅहम अध्यक्षांच्या उठबशीत होते. मग १९६२ आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली प्रायोजित प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, आणि आपला देश आपल्याकडून काढून घेतला जातो आहे ही भावना लाखो घरांत रुजली.

या भावनेचे संघटित राजकारणात रूपांतर नेमके कशामुळे झाले, याचे आज प्रचलित असलेले उत्तर एकच आहे: गर्भपात. जानेवारी १९७३ मध्ये गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरवणारा 'रो विरुद्ध वेड' खटल्याचा निकाल लागला, श्रद्धावान हादरले आणि उठले, अशी ती कथा. तत्कालीन नोंदी वेगळे सांगतात. सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ मध्ये ठराव करून बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताची मुभा देणाऱ्या कायद्यांना पाठिंबा दिला होता, आणि निकालानंतर १९७४ मध्ये तीच भूमिका पुन्हा मांडली. गर्भपातविरोध हा तेव्हा मुख्यतः कॅथलिकांचा विषय समजला जाई.

पाद्री आधी एकवटले ते करसवलतीच्या प्रश्नावर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरल्यावर दक्षिणेत फक्त गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघू लागल्या, आणि त्यांतल्या अनेक चर्चशी जोडलेल्या होत्या. मिसिसिपीतल्या होम्स परगण्यात एकत्र शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षी सरकारी शाळांतल्या गोऱ्या मुलांची संख्या ७७१ वरून २८ वर आली आणि दुसऱ्या वर्षी एकही मूल उरले नाही. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनी दाद मागितली. वंशभेद पाळणाऱ्या शाळांना धर्मादाय संस्थेची करसवलत मिळू शकत नाही, असा निवाडा १९७१ मध्ये झाला. साउथ कॅरोलिनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाने १९७१ पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच दिला नव्हता, पुढे दिला तोही भिन्नवंशीय प्रेमसंबंधांवर बंदी घालून. १९७६ मध्ये करखात्याने त्याची सवलत काढून घेतली. १९७८ मध्ये कार्टर सरकारच्या करखात्याने खासगी शाळांसाठी आणखी कडक नियमांचा मसुदा काढला, तेव्हा विरोधाच्या पत्रांचा अक्षरशः पूर लोटला.

ही नाराजी ओळखणारा माणूस म्हणजे पॉल वायरिक. १९७३ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या धोरणसंस्थेच्या स्थापनेत सहभागी असलेला हा पुराणमतवादी कार्यकर्ता धर्माने कॅथलिक होता आणि इव्हँजेलिकलांना राजकारणात ओढण्याचा प्रयत्न कित्येक वर्षे करत होता. अश्लील साहित्य, शाळेतली प्रार्थना, गर्भपात असे विषय काढूनही पाद्री हलले नाहीत, करखाते त्यांच्या शाळांच्या दारात आले तेव्हा हलले, असे त्याने स्वतः पुढे सांगितले. इतिहासकार रँडल बाल्मर यांनी हा धागा विस्ताराने मांडला आहे. त्याला आक्षेपही आहेत. सामान्य श्रद्धावान स्त्री-पुरुषांना करसवलतीचे सोयरसुतक नव्हते. त्यांना कुटुंबव्यवस्था मोडकळीस येण्याची भीती वाटत होती आणि ती खरी होती. फिलिस श्लाफ्ली यांनी स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध उभारलेली गृहिणींची चळवळ, १९७७ मध्ये फ्लोरिडात गायिका अनिता ब्रायंट यांनी समलिंगींच्या हक्कांविरुद्ध केलेली मोहीम, फ्रान्सिस शेफर यांचे गर्भपातविरोधी ग्रंथ आणि चित्रपट यांनी तळाची माणसे जागी केली. नेते एका कारणाने आले आणि अनुयायी दुसऱ्या. पण वंशभेदाचा धागा या कथेतून पुसून टाकणे प्रामाणिकपणाचे नाही.

१९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग येथील बॅप्टिस्ट पाद्री जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन केली. याच फॉलवेल यांनी मार्च १९६५ मध्ये, नागरी हक्कांसाठी सेल्मा इथे मोर्चे निघत असताना, धर्मोपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणाचे नव्हे, असे प्रवचन केले होते. आता दूरचित्रवाणीवरचा त्यांचा कार्यक्रम, देणगीदारांच्या याद्या आणि मतदार नोंदणी यांची सांगड घालण्यात आली. रिचर्ड व्हिगरी यांच्यासारखे टपालाने निधी जमवणारे तज्ज्ञ सोबत होते. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसच्या मेळाव्यात हजारो पाद्र्यांसमोर रोनाल्ड रेगन म्हणाले की, तुम्ही मला जाहीर पाठिंबा देऊ शकत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. या बोलण्यामागे कायदा होता. १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करसवलत घेणाऱ्या चर्चांना उमेदवाराचा प्रचार करण्यास मनाई होती. त्या वर्षी घटस्फोटित, चर्चला क्वचित जाणारे रेगन हे रविवारच्या शाळेत बायबल शिकवणाऱ्या कार्टर यांच्याविरुद्ध इव्हँजेलिकलांचे उमेदवार ठरले.

रेगन यांच्याकडून प्रत्यक्षात फार थोडे मिळाले. शाळेतील प्रार्थनेची घटनादुरुस्ती झाली नाही, गर्भपातावर बंदी आली नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेमलेल्या सँड्रा डे ओकॉनर यांनी १९९२ मध्ये रो निकालाचा गाभा वाचवला. करसवलतीच्या खटल्यात बॉब जोन्स विद्यापीठ १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक अशा मतांनी हरले. १९८९ मध्ये मॉरल मेजॉरिटी विसर्जित झाली, तेव्हा ही चळवळ संपली असे अनेक पत्रकारांनी लिहिले. ते साफ चुकले.

त्याच्या आदल्या वर्षी दूरचित्रवाणीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी रिपब्लिकन उमेदवारीसाठी आयोवात थोरल्या जॉर्ज बुश यांना मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला होता. उमेदवारी हुकली, पण कार्यकर्त्यांची यादी हाती राहिली. १९८९ मध्ये त्यांनी ख्रिश्चन कोअलिशन काढली आणि ती राल्फ रीड या तरुण संघटकाकडे सोपवली. रीड यांनी डोळे व्हाइट हाउसवरून काढून शाळा मंडळे, परगण्याच्या समित्या आणि पक्षाच्या प्राथमिक निवडणुका यांच्यावर रोखले. अमेरिकेत अशा निवडणुकांना मतदान अत्यल्प होते. जिथे शंभरातले दहा-पंधराच मतदार बाहेर पडतात तिथे दोन-तीन चर्चांची माणसे एकगठ्ठा आली की निकाल फिरतो. मतदानाआधीच्या रविवारी चर्चच्या दाराशी उमेदवारांच्या भूमिकांची तुलना करणारी पत्रके वाटली जात. कोणाला मत द्या असे त्यांत लिहिलेले नसे, पण वाचणाऱ्याला ते कळत असे. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले, त्यात या यंत्रणेचा वाटा मोठा होता. तेव्हापासून या गटाला दुखावून रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी मिळवणे जवळपास अशक्य झाले आहे. त्यांच्या सत्तेचे खरे ठिकाण हे आहे. सर्वसाधारण निवडणुकीत ते अल्पसंख्यच असतात.

त्याच १९९४ साली इव्हँजेलिकल आणि कॅथलिक विचारवंतांनी परस्पर सहकार्याचे एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. चार्ल्स कोल्सन आणि रिचर्ड जॉन न्यूहाउस त्याचे पुढारी होते. १९६० मध्ये जॉन केनेडी कॅथलिक आहेत म्हणून अनेक प्रोटेस्टंट पाद्र्यांनी त्यांना विरोध केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या हातमिळवणीचे महत्त्व कळते.

जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात या मतदारांचा स्वतःचा माणूस सत्तेत आला. २००४ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी ११ राज्यांत समलिंगी विवाहाविरुद्धच्या घटनादुरुस्त्या मतदानाला ठेवण्यात आल्या आणि साऱ्या मंजूर झाल्या. बुश यांनी निर्णायक ओहायो सुमारे १ लाख १८ हजार मतांनी जिंकले. याच काळातले एक काम मात्र पक्षभेद विसरून सांगायला हवे. २००३ मध्ये आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देण्याची योजना सुरू झाली, तिच्यामागे इव्हँजेलिकल नेत्यांचा आग्रह होता आणि त्या योजनेने कोट्यवधी प्राण वाचवले.

परराष्ट्र धोरणावरचा दुसरा प्रभाव अधिक वादग्रस्त आहे. ज्यू लोक पवित्र भूमीत परतणे हा येशूच्या पुनरागमनाच्या घटनाक्रमाचा भाग आहे, अशी शिकवण १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमधून घराघरांत पोहोचली. २००६ मध्ये पाद्री जॉन हेगी यांनी इस्रायलसमर्थक ख्रिस्ती संघटना उभारली. मे २०१८ मध्ये अमेरिकी दूतावास जेरुसलेमला हलला त्या समारंभाची अखेरची प्रार्थना त्यांनीच म्हटली. जगभरातल्या धर्मस्वातंत्र्यावर लक्ष ठेवणारा १९९८ चा कायदाही इव्हँजेलिकलांच्या पुढाकाराने झाला. त्या कायद्याने आणलेल्या तरतुदीखाली २००५ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना अमेरिकेचा व्हिसा नाकारण्यात आला होता.

निवडणुका जिंकूनही कायदा बदलत नाही, हा रेगन काळाचा धडा घेऊन चळवळ न्यायालयांकडे वळली. १९८२ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी स्थापलेली फेडरलिस्ट सोसायटी पुराणमतवादी वकिलांची पिढी तयार करत होती. १९९० च्या दशकात उभी राहिलेली अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम ही संस्था योग्य खटले शोधून लढवू लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया यांचे निधन झाले. सिनेटमधल्या रिपब्लिकनांनी ती जागा निवडणुकीपर्यंत रिकामी ठेवली, आणि ट्रम्प यांनी आपण कोणाला नेमू त्या न्यायाधीशांची यादीच जाहीर केली. तीन लग्ने झालेल्या, जुगारगृहांचे मालक राहिलेल्या उमेदवारापुढे श्रद्धावान मतदाराला एक स्वच्छ व्यवहार दिसला. २०१७ ते २०२० या काळात नील गोर्सच, ब्रेट कॅव्हनॉ आणि एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुका झाल्या. २४ जून २०२२ रोजी मिसिसिपीच्या कायद्यावरील डॉब्स खटल्यात न्यायालयाने रो निकाल रद्द केला. तीनच दिवसांनी, सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाच्या बाजूनेही निर्णय आला.

या व्यवहाराची किंमत चर्चांच्या आत मोजली जात आहे. बिली ग्रॅहम यांनी स्थापलेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे' नियतकालिकाने डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे संपादकीय लिहिले आणि त्यावर मोठे काहूर उठले. सदर्न बॅप्टिस्टांचे धोरणप्रमुख रसेल मूर २०२१ मध्ये पंथ सोडून गेले. तरुणांमध्ये कोणताही धर्म न सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढते आहे, आणि चर्च म्हणजे एका पक्षाची शाखा ही प्रतिमा त्याला काही अंशी तरी कारणीभूत आहे, असे अनेक समाजशास्त्रज्ञ मानतात. राजकारणाने धर्माचे केलेले हे नुकसान कोणत्याही निकालाने भरून येणारे नाही.

मतपेटीनेही उलटे उत्तर दिले. डॉब्सनंतर सहा आठवड्यांत कॅन्सस या पक्क्या रिपब्लिकन राज्यात गर्भपाताचे संरक्षण काढून घेणारी घटनादुरुस्ती ५९ टक्के मतांनी फेटाळली गेली. २०२३ मध्ये ओहायोने गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा राज्यांत हा प्रश्न मतदानाला होता. सात राज्यांत हक्काची बाजू जिंकली, त्यांत ट्रम्प यांना निवडून देणारी मिसुरी, ॲरिझोना, मोंटाना आणि नेवाडा ही राज्येही होती. अलाबामाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांना मुलांचा दर्जा दिला, तेव्हा तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळालाच घाईने वंध्यत्व उपचारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

पाहण्यांनुसार गोरे इव्हँजेलिकल २००६ मध्ये लोकसंख्येच्या सुमारे २३ टक्के होते, आता १३ ते १४ टक्के आहेत. सदर्न बॅप्टिस्टांची सदस्यसंख्या १ कोटी ६३ लाखांवरून १ कोटी ३० लाखांखाली आली आहे. तरीही ते नेमाने मतदान करतात, त्यामुळे मतदारांतला त्यांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा मोठा राहतो. २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले माइक जॉन्सन हे सदर्न बॅप्टिस्ट आहेत आणि पूर्वी अलायन्स डिफेंडिंग फ्रीडमचे वकील होते. सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुका आजन्म असतात. गोर्सच यांचा जन्म १९६७ चा, कॅव्हनॉ यांचा १९६५ चा आणि बॅरेट यांचा १९७२ चा. चळवळीची माणसे कमी होत गेली, तरी तिने घडवलेले न्यायालय आणखी काही दशके अमेरिकन राज्यघटनेचा अर्थ लावत राहण्याची शक्यता आहे.